बिनड्रायव्हरच्या गाडीत एक ड्रायव्हर

दिल्लीहून परतल्यावर आमच्या गल्लीत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: लाल किल्ला पाहिला का? नाही पाहिला. कुतुबमिनार? तोही नाही. पानिपतला जाऊन काला अंबच्या युद्धस्मारकाला डोकं टेकवून यायचं असं घरून ठरवून निघालो होतो, तेही राहिलं. शेवटी शेजारचे गुरुजी वैतागून म्हणाले, "मग तुम्ही तिथे जाऊन केलं तरी काय?" त्यांना चहाला बसवलं आणि सांगायला लागलो. दुसऱ्या दिवशी ते आणखी चौघांना घेऊन आले. तेव्हा बायको म्हणाली, "रोज चहाचं आधण ठेवून मी थकले, एकदाचं लिहून काढा." म्हणून हे लिहितो आहे.

मी लाल बसचा ड्रायव्हर होतो. उभी हयात वर्धा, यवतमाळ, पांढरकवडा या रस्त्यांवर गेली. त्यामुळे मला दुसऱ्याच्या गाडीत सुखाने बसता येत नाही. समोरच्याने ब्रेक उशिरा मारला की जीव माझा जातो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते सगळं ड्रायव्हरच्याच नजरेने पाहिलेलं आहे.

दिल्लीला माझी मुलगी सुजाता असते. एका संशोधन संस्थेत ती चिकटवलेल्या जोडांचा अभ्यास करते. दोन धातूंचे तुकडे खिळे-स्क्रू न मारता चिकटवले, तर तो जोड ऊन, पाऊस, हादरे सोसून किती वर्षं टिकतो, हा तिचा विषय. नातेवाईक विचारायचे, "पोरगी काय करते?" मी सांगायचो, "डिंकावर संशोधन." मग ते माझ्याकडे असे बघायचे की बायको पटकन विषय बदलायची. या वेळी सुजाताचा फोन आला, "बाबा, शुक्रवारी आमच्या गाडीची चाचणी आहे. ड्रायव्हर नसलेली गाडी. तुम्ही यायलाच पाहिजे." बायकोच्या गुडघ्याने प्रवास झेपत नव्हता. तिने जवसाची चटणी, कुरडया, तिळाचे लाडू असं सगळं बांधून दिलं आणि मी एकटाच निघालो.

द्वारका

सुजाता राहते द्वारकेला. नाव ऐकून मी समुद्राकाठचं तीर्थ डोळ्यांसमोर आणलं होतं. निघाले नुसते सेक्टर. उंच इमारतींच्या सोसायट्या, प्रत्येकीला फाटक, प्रत्येक फाटकाला शिट्टीवाला पहारेकरी. मेट्रो नुकतीच तिथवर पोचली होती आणि तिचे खांब अजून नव्या भांड्यांसारखे चकचकीत होते. काही सेक्टरांत तर नुसते रस्तेच होते. दुतर्फा दिवे लागलेले, फुटपाथ झालेले, मधोमध दुभाजक, आणि घर एकही नाही. आमच्याकडे आधी माणसं येऊन राहतात, मग पन्नास वर्षं रस्त्यासाठी अर्ज करतात. इथे रस्ता आधी येऊन माणसांची वाट बघत बसला होता.

डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जायचं, इतकं खाली की चाकं मोजावीत. पहिल्या दिवशी मी प्रत्येक विमानाला मान वर करत होतो. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "भाईसाहब, गर्दन अकड़ जाएगी." संध्याकाळी त्यांनी राजमा-चावल पाठवला. मी परत पाठवताना डब्यात जवसाची चटणी घातली. दुसऱ्या दिवशी तोच डबा रिकामा होऊन आला आणि सोबत निरोप, "वो काली वाली और है क्या?" चटणी संपेपर्यंत आमचा हा व्यवहार सुरू राहिला.

सुजाताच्या घरी खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती, भिंतीवर आईचा फोटो आणि बाकी सगळीकडे कागद. जेवताना तिने मला खरी गोष्ट सांगितली. शुक्रवारी प्रकल्प तपासणारी समिती येणार होती. गाडी पूर्ण फेरी स्वतःहून मारून परत आली तर काम पुढे चालणार, सुजाताला तिची स्वतःची तुकडी मिळणार. नाही आली तर प्रकल्प बंद.

"मग काऊन घाबरतेस? दुसरी नोकरी मिळंल ना," मी म्हणालो.

"मिळालीय बाबा. गुडगावला. पगार इथल्या दुप्पट."

"काय काम?"

"खोकी चिकटवायची. बिस्किटांची." ती हसली, पण भाकरीचा घास तिने परत ताटात ठेवला. "सहा वर्षं लावलीत मी यात. खोक्यांसाठी नाही लावली."

त्या क्षणापासून मला दिल्लीत बघण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

काचेचं गाव

तरी तिने मला एक दिवस गुडगाव दाखवलंच. कालपरवापर्यंत म्हणे तिथे मोहरीची शेतं होती. आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, निळ्या, हिरव्या, सोनेरी. एका इमारतीच्या काचेत समोरची दुसरी इमारत दिसते आणि तिच्यात पहिली. खाली मात्र म्हशी तशाच बसलेल्या. एका म्हशीचं प्रतिबिंब काचेत इतकं स्वच्छ पडलं होतं की ती स्वतःकडेच टक लावून बघत होती.

"बाबा, या काचा कशाने धरल्यात सांगा," सुजाताने विचारलं.

"स्क्रू असतील आतून."

"एकही नाही. चिकटवल्यात. त्या काळ्या रेघा दिसतात ना, तो मसाला. सगळं वजन त्याच्यावर."

मी दहा मजले वर बघितलं आणि गुपचूप फुटपाथच्या बाहेरच्या बाजूने चालायला लागलो. तिला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली, "लोक म्हणतात जोड मजबूत आहे का. तो तर पहिल्या दिवशी असतोच. प्रश्न असा आहे की दहाव्या पावसाळ्यानंतर काय. गोंद स्वतः क्वचितच तुटतो. पाणी कडेकडेने आत शिरतं, आणि हळूहळू त्याला धातू सोडायला लावतं." मला हे लगेच कळलं. आमच्या बसच्या छपरांनी मला पाण्याबद्दल पुष्कळ शिकवलेलं आहे. पण ते कसं थांबवायचं हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या मुलीला माहीत होतं. त्या गर्दीत उभं राहून मला एकदम फार बरं वाटलं.

दमट कपाट

तिची प्रयोगशाळा पाहिली. मला वाटलं होतं नळ्या, धूर, रंगीत पाणी असेल. होतं एक भलंमोठं पोलादी कपाट. दार उघडलं तर आतून ऐन पावसाळ्यातल्या बंद एसटी स्टँडसारखी गरम ओली हवा अंगावर आली. आत पट्ट्या टांगलेल्या, प्रत्येक पट्टी म्हणजे दोन धातूंचा एक जोड, खाली वजन लटकवलेलं. काही पट्ट्या तिथे सुजाता दिल्लीत आली तेव्हापासून टांगलेल्या होत्या.

"आम्ही यांना त्रास देतो," ती म्हणाली. "गरम, ओलं, ओझं, सगळं एकदम. इथे टिकलं तर बाहेर टिकेल."

चिकटवण्याआधी धातू कसा तयार करतात तेही तिने दाखवलं. घासायचा, धुवायचा, पुन्हा धुवायचा, मग एका द्रावणात बुडवायचा. त्यानंतर त्याला बोट लावायची बंदी. बोटाला घाम असतो, तेल असतं, आणि तेवढ्या तेलावर जोडाचं आयुष्य निम्मं होतं. मी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उभा राहायचो तसा. लाडवाचा डबा मी त्या खोलीत उघडूच दिला नाही. बाहेर व्हरांड्यात नेऊन सगळ्यांना वाटला आणि वर प्रत्येकाला हात धुवायला पाठवलं.

तिथेच अरोरा भेटला. सुजाताच्या बरोबरीचा, उंच, सतत घाईत, बोलायला लागला की थांबत नाही असा पंजाबी मुलगा. गाडीला रस्ता दाखवायचं काम त्याचं. त्याने लाडू तोंडात ठेवूनच मला समजावलं, "अंकलजी, हमने गाड़ी को चार गवाह दिए हैं. कैमरा देखता है, लेज़र फ़ासला नापता है, पहिये बताते हैं कितना चले, और एक यंत्र बताता है कितना मुड़े. एक झूठ बोले, तो बाकी तीन की सुनो."

"लेकिन कौन झूठ बोल रहा है, ये गाड़ी को कैसे मालूम पडेंगा?" मी माझ्या नागपुरी हिंदीत विचारलं.

"बस! वही तो मेरी पीएचडी है." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "सच बोलूँ? कंप्यूटर पर तो इनसे झूठ बुलवाके देखा है, आँगन में भी. सड़क पर अभी तक चारों ने सच ही बोला है."

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी, उघडी, सहा जणांची गाडी. छपरावर पुढे कॅमेरा, बंपरवर लेझर. कॅमेऱ्याचा आधार छपराला नुसता चिकटवलेला होता. छप्पर पातळ पत्र्याचं. भोकं पाडली की पाणी शिरतं आणि हादऱ्याने स्क्रू सैल होतात. आधार केसभर हलला तरी कॅमेऱ्याला रस्ता भलतीकडेच दिसणार. म्हणजे अरोराचं सगळं डोकं सुजाताच्या त्या तळहाताएवढ्या जोडावर टेकलेलं होतं. दोघं दिवसभर एकमेकांशी भांडत होते, पण गाडीभोवती फिरताना घरचं लग्न असल्यासारखे वागत होते.

मला एकच गोष्ट खटकली. गाडीला हॉर्न नव्हता. दिल्लीत! मी अरोराला तसं म्हटलं. तो म्हणाला, "अंकलजी, सामने कोई आए तो रुक जाएगी, हॉर्न क्यों मारेगी?" मी त्या दिवशी मेट्रो स्टेशनपासून सोसायटीपर्यंत रिक्षाने आलो होतो. त्या रिक्षावाल्याचा अंगठा हॉर्नवरून एकदाही उचलला गेला नव्हता. मला त्या गाडीची काळजी वाटायला लागली.

शुक्रवार

चाचणी त्या बिनमाणसांच्या रस्त्यांवरच होती. रीतसर परवानगी काढून दोन्ही टोकांना आणि वळणावर नाल्याच्या कडेने दोर बांधले होते. सकाळी थोडं धुकं होतं. एक गाय दोराच्या आत बसली होती आणि तिला उठवण्यात अरोराची निम्मी शक्ती गेली. समितीची मंडळी मंडपाखाली चहा पीत होती. त्यांचे प्रमुख म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक वयस्कर साहेब. ते कोणाशी बोलत नव्हते. बिस्किटही खात नव्हते.

अरोराने पिशवीतून नारळ काढला. त्याच्या आईने लिंबू-मिरचीही दिली होती. सुजाता म्हणाली, "यार, टाइम नहीं है, और गाड़ी के आगे पानी नहीं चाहिए." तो बिचारा नारळ परत ठेवायला गेला. मीही घरी नारळ फोडत नाही. पण आम्हा ड्रायव्हर लोकांची एक रीत आहे. पहिली फेरी निघायच्या आधी पुढची काच आपल्या हाताने, आपल्या फडक्याने पुसायची. मदतनीस असला तरी त्याच्याकडून नाही. मी हयातभर काच न पुसता स्टेअरिंगला हात लावला नाही. इथे सगळे तारा तपासण्यात गुंतले होते, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर धुक्याचे थेंब मला स्वच्छ दिसत होते. या गाडीला ड्रायव्हर नाही, मग हिची काच कोण पुसणार?

मी पायरीवर चढलो. काच उंचावर होती, म्हणून डाव्या हाताने कॅमेऱ्याचा आधारच धरला, बसच्या दांड्याला धरतात तसा, सगळं अंग त्यावर टाकून. खिशातला रुमाल काढला आणि काच छान गोल गोल पुसली. मनाचं समाधान झालं. खाली उतरून मंडपापाशी येऊन उभा राहिलो.

गाडी निघाली. खरं सांगतो, रिकाम्या सीटसमोर स्टेअरिंग आपोआप वळताना पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. सरळ रस्ता तिने झोकात कापला. सुजाता हातात लाल बटण घेऊन उभी होती. ते दाबलं की गाडी जागेवर थांबणार, आणि चाचणीही तिथेच संपणार.

तेवढ्यात धुक्यातून ऊन थेट कॅमेऱ्याच्या काचेवर आलं आणि पडद्यासमोर बसलेला अरोरा ओरडला, "कैमरा गया! सब धुंधला है!"

मी त्या पडद्याकडे पाहिलं. चित्र सगळं फासलेलं, त्यात गोल गोल रेघा. त्या रेघा मी ओळखल्या. सकाळी डोक्याला खोबरेल चोपडून हात ज्या रुमालाला पुसले होते, तोच रुमाल. मी सुजाताजवळ जाऊन म्हणालो, "पोरी, मी पुसली काच. माझ्या रुमालाला तेल होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागवायला वेळ नव्हता. पुढे नाल्याकडेचं वळण होतं, आणि तिचं बोट बटणावर होतं. अरोरा म्हणाला, "दबा दे, सुजाता." ती म्हणाली, "नाले वाली रस्सी को छुएगी तो दबाऊँगी. उससे पहले नहीं. अपने ही गवाहों पर भरोसा रख ना."

गाडी हळू झाली. इतकी हळू की मला वाटलं थांबलीच. मग, आंधळा माणूस भिंतीला हात लावून चालतो तशी, फुटपाथच्या कडेचं अंतर धरून ती वळणात शिरली. दोर राहिला एका बाजूला. वळण संपलं, पुन्हा सरळ रस्ता आला, आणि ती सावकाश, शहाण्यासारखी येऊन पांढऱ्या रेघेवर थांबली. मग अरोराने पिशवीतला नारळ काढून तिथेच दगडावर आपटला आणि आपल्या आईच्या नावाने मोठ्याने काहीतरी म्हणाला.

पांढऱ्या मिशांचे साहेब उठून आले. "कैमरे को क्या हुआ था?"

गाडी आली होती, पण चाचणीत गडबड झाली असं त्यांनी लिहिलं तर? सुजाता सरळ म्हणाली, "सर, ये मेरे पिताजी हैं. बस चलाते थे. इन्होंने सुबह लेंस पोंछ दिया, तेल वाले रुमाल से. हमें पता नहीं था."

साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यह टेस्ट तो हमारी लिस्ट में था ही नहीं," ते म्हणाले. "ऊपर चढ़े कैसे?"

मी कॅमेऱ्याचा आधार दाखवला. "ये पकड के, साहब."

"आपका वज़न कितना है?"

"अस्सी किलो, साहब. खाने के बाद थोडा ज्यादा."

"बाबा!" सुजाता म्हणाली.

साहेब पायरीवर चढले. त्यांनी तो आधार एका हाताने ओढला, मग दोन हातांनी, मग चक्क लोंबकळले. समितीतली माणसं चहाचे पेले हातात धरून बघत राहिली. आधार हलला नाही. उतरून त्यांनी जोडाच्या कडेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "कब चिपकाया था?"

"बारिश से पहले, सर. पूरी बरसात गाड़ी बाहर खड़ी रही," सुजाता म्हणाली. "जानबूझकर."

साहेबांनी मान हलवली. मग समितीकडे वळून म्हणाले, "काम चलने दीजिए. इस लड़की को अपने लोग चुनने दीजिए." इतकंच. मी मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत, पण इतकं चांगलं भाषण दुसरं ऐकलेलं नाही. ज्या मुलीला मी नातेवाइकांपुढे डिंकवाली म्हणून हसण्यावारी नेत होतो, तिच्या कामाला ते साहेब शब्दशः लोंबकळले होते. अभिमानाने छाती फुगते म्हणतात. माझी तर शर्टाची बटणं ताणली गेली असतील.

काच पुन्हा पुसली गेली, या वेळी अरोराकडून, कोरड्या कपड्याने, आणि मला दहा हात लांब उभं करून. दुसऱ्या फेरीसाठी साहेबांनी विचारलं, "कोई बैठेगा?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढे झालो. कोणाची हरकत असेल तर ती ऐकू यायच्या आत मी पुढच्या सीटवर बसलो.

हात कुठे ठेवावेत कळेना. मांड्यांखाली दाबून बसलो. स्टेअरिंग माझ्यासमोर वळत होतं, बॅटरीचा बारीक आवाज येत होता आणि बाकी शांतता. सरळ रस्त्यावर मी तिच्या चुका शोधत होतो, हे कबूल करतो. वळणाआधी वेग कमी झाला, मीही तिथेच केला असता. वळणातून निघताना धक्का बसला नाही. नाल्यापाशी गायीने मान वर केली, तर गाडी क्षणभर थबकली आणि मग निघाली. अर्ध्या फेरीत मी हात मोकळे केले आणि आजूबाजूला बघायला लागलो. धुकं उठलं होतं. लांबवर नव्या इमारतींचे सांगाडे होते, त्यांच्यावर मजूर चढत होते, आणि डोक्यावरून विमान गेलं तर या वेळी मी मान वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी गाडी चालवत होतं आणि मी नुसता प्रवासी होतो.

रेघेवर गाडी थांबली. सुजाता धावत आली. "कशी वाटली, बाबा?"

आमच्या डेपोत ड्युटी बदलताना उतरणारा ड्रायव्हर चढणाऱ्याला कधी लांबलचक काही सांगत नसे. ब्रेक, क्लच, इंजिन, सगळं नीट असलं तर तो एकच वाक्य बोलायचा. त्याहून मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नाही, आणि ती कोणी उगाच देत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्या शब्दावर पन्नास माणसं घेऊन जायचं असतं.

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो.

ती ड्रायव्हरची पोरगी. माझा डबा घेऊन डेपोच्या फाटकाशी उभी राहायची तेव्हा तिने हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल. भर रस्त्यात, सगळ्या साहेब लोकांच्या देखत, तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि ती रडायला लागली.